सुई शिरेत की धमनीत?

प्रश्न : मानेतून सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी) टाकताना रक्त गडद आले, म्हणजे सुई शिरेतच आहे असे धरावे का?

उत्तर : नाही. रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरलेला असेल तर धमनीतले रक्तही गडद दिसते, उसळतही नाही. डायलेटर (सुईची वाट रुंद करणारी जाड नळी) घालण्याआधी सुईला सुमारे ५० सेंमीची निर्जंतुक नळी जोडा, खाली धरून रक्ताने भरू द्या, मग उभी करा. शिरेत असल्यास रक्ताची पातळी उतरते आणि श्वासाबरोबर हलते. धमनीत असल्यास चढतच राहते. सोनोग्राफीत गाइडवायर (सुईतून आत सरकवलेली, नळीला वाट दाखवणारी तार) आडव्या-उभ्या दोन्ही छेदांत पाहा, कारण तार शिरेची मागची भिंत भेदून धमनीत घुसू शकते. जाड कॅथेटर (आत ठेवायची नळी) धमनीत गेलाच, तर घाईने उपसू नका (मोह होतोच). रक्तस्राव आणि पक्षाघाताचा धोका असतो; कॅथेटर तसाच ठेवून रक्तवाहिनी-शल्यविशारदांना बोलवा.