मनगटावरचा आकडा आणि छातीतली कळ

पेशंट समोर बसतात ते मनगट पुढे करूनच. पत्रांतही गेले काही महिने तोच घोळ आहे: घड्याळ अमुक दाखवतं, मग मला काय झालंय? म्हणून या वेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : डॉक्टरांनी नाडी 76 मोजली, त्याच वेळी माझ्या घड्याळात 80 होते. खरं कोणाचं? (निवृत्त शिक्षक, 66)

दोन्ही खरं. चार-पाच ठोक्यांचा फरक सोडून द्या.

प्रश्न : मनगटावर ॐ गोंदलेला आहे. त्यावर घड्याळ आकडाच दाखवत नाही.

दुसऱ्या हातात घाला. गोंदणाची शाई प्रकाश अडवते.

प्रश्न : मी रोज सकाळी पळते. दम लागलेला नसतो, तरी घड्याळ 170 दाखवतं. '220 वजा वय' या हिशेबाने माझी कमाल मर्यादा 174 आहे. पळणं बंद करू का? (वय 46)

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त वाढतं-कमी होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशातल्या त्या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजतं. पळताना हात हलतो, सैल घड्याळ घसरतं. पावलं मिनिटाला 160-170 पडत असली की पुष्कळदा घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधा. थंडीत हात गार पडले की आकडा आणखी बिघडतो. खात्रीचा आकडा हवा असेल तर छातीवर बांधायचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो.

'220 वजा वय' हे ढोबळ सूत्र आहे. माणसामाणसांत त्याच्या वर-खाली दहा-बारा ठोके सहज असतात. पण पळताना छाती जड होत असेल किंवा चक्कर येत असेल तर आकडा काहीही असो, पळणं थांबवा आणि तपासून घ्या.

प्रश्न : दीड हजारांच्या घड्याळात नाडी, बीपी, शुगर सगळं दिसतं. घरी ग्लुकोमीटर ठेवायची गरज आहे का?

आहे! सुई न टोचता रक्तातली साखर मोजतो असं सांगणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून सावध राहा, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. असं एकही उपकरण त्यांनी मान्य केलेलं नव्हतं. एका पेशंटचं असंच घड्याळ मी गुंडाळलेल्या नॅपकिनवर बांधून त्यांना दाखवलं. थोड्या वेळाने आकडा आला, 71. असल्या आकड्यावर कोणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल. बीपी दंडाला पट्टा बांधणाऱ्या यंत्रावरच मोजा आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बदलू नका.

प्रश्न : रात्री झोपेत नाडी 48 पर्यंत उतरते. (वय 52, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू)

झोपेत नाडी उतरतेच आणि ही गोळीही ती उतरवते. दिवसा चक्कर, अंधारी किंवा कमालीचा थकवा असेल तर लगेच दाखवा. नसेल तर पुढच्या भेटीत सांगा. गोळी परस्पर बंद करू नका.

प्रश्न : 'ठोके अनियमित' अशी सूचना तीनदा आली. त्रास काहीच नाही. दिवाळीनंतर दाखवलं तर चालेल? (वय 63)

नाही. या आठवड्यात दाखवा. अशी सूचना एट्रियल फिब्रिलेशनची म्हणजे एएफची असू शकते. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. पुष्कळांना त्रास काहीच जाणवत नाही. शिवाय एएफमध्ये काही ठोके इतके दुबळे असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलं तर आकडा घड्याळापेक्षा जास्त निघतो.

घाबरूनही जाऊ नका. ॲपल घड्याळावर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांहून जास्त लोक होते. अशी सूचना आली जेमतेम अर्धा टक्का लोकांना. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे छातीवर इसीजीची पट्टी लावून घेतली, त्यांच्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांत एएफ सापडलं. ते येऊन-जाऊन असतं, म्हणून एका इसीजीत दिसलं नाही तर होल्टर, म्हणजे दिवसभर किंवा जास्त वेळ ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावावा लागतो.

प्रश्न : वडिलांना (61, मधुमेह) पहाटे दोनला छातीत जळजळ आणि घाम सुटला. घड्याळावर इसीजी काढला, नॉर्मल आला, नाडी 82. ॲसिडिटी समजून सकाळपर्यंत थांबलो. हॉस्पिटलमध्ये हार्ट अटॅक निघाला. घड्याळ चुकलं का?

घड्याळ बहुधा बरोबरच होतं, त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. ती अडकलेली असतानाही ठोके 82 आणि अगदी नियमित असू शकतात. घड्याळाचा इसीजी एकाच बाजूने बघतो आणि ठोक्यांची लय सांगतो. हॉस्पिटलचा बारा बाजूंनी बघतो. या घड्याळाला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हे चांगल्या कंपन्या स्वतःच लिहून देतात. ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. हॉस्पिटलातला पहिला इसीजीसुद्धा कधीकधी नॉर्मल येतो, म्हणून आम्ही तो पुन्हा काढतो आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, तपासतो.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि मोबाइल पुढे करत पहिलं वाक्य, "डॉक्टर, पल्स नॉर्मल आहे." दुखायला लागून सात तास झाले होते. अँजिओप्लास्टी केली, ते वाचले, पण हृदयाचा जो स्नायू तोवर मेला होता तो परत आणता आला नाही. आता दोन जिने चढताना ते मध्ये थांबतात. ते सात तास मला अजून टोचतात.

छातीत दाब, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, अचानक दम: यांतलं काहीही झालं की घड्याळ बघू नका, 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना पुष्कळदा नुसती जळजळ किंवा मळमळच होते, म्हणून तिथे 'गॅस असेल' हा शब्द फार महागात पडतो. जोरजोरात खोकत राहिलं की अटॅक टळतो हा व्हॉट्सॲपवरचा निरोप खोटा आहे. शेजाऱ्यांच्या डब्यातली जिभेखालची गोळीही नको, बीपी एकदम खाली येऊ शकतं. स्वतः गाडी चालवत येऊ नका. वडिलांना आता फॉलोअपची एकही तारीख चुकवू देऊ नका.

प्रश्न : पेसमेकर आहे, स्मार्टवॉच चालेल?

चालेल, पण घड्याळ आणि मोबाइल पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर लांब ठेवा, आणि घेण्याआधी पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांना मॉडेल दाखवा.

प्रश्न : माझ्याकडे घड्याळ नाही. नाडी कशी मोजू? (वय 70)

पाच मिनिटं स्वस्थ बसा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं हलकी टेकवा. अंगठा टेकवू नका, त्याला स्वतःची नाडी असते. भिंतीवरच्या घड्याळावर तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके मागेपुढे पडत असतील तर पूर्ण मिनिट मोजा, वेळेसकट वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.