किडे मोजून नदीचे पाणी पारखता येते का?

प्रश्न : पाण्यातील ऑक्सिजन, आम्लता आणि रसायने मोजणारी उपकरणे उपलब्ध असताना नदीच्या तळातील किडे गोळा करून पाण्याची प्रत ठरवण्याचे प्रयोजन काय? एखाद्या ठिकाणी ते सापडले नाहीत, तर पाणी दूषित समजावे का?

उत्तर : रासायनिक तपासणी ज्या वेळी बाटली भरली त्या वेळेपुरतेच सांगते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेले, तर दुपारच्या नमुन्यात त्याचा मागमूस राहत नाही. शिवाय शैवाल माजलेल्या नदीत दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटेपूर्वी तोच धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असतो. दगडांखाली राहणाऱ्या प्राण्यांना मात्र रात्र आणि दिवस दोन्ही सोसावे लागतात. प्रदूषण न सोसणाऱ्या स्टोनफ्लाय या कीटकाच्या काही जातींची पिल्ले पंख फुटण्यापूर्वी एक ते तीन वर्षे पाण्यातच वाढतात. म्हणून ती जिवंत सापडणे हा तेवढ्या काळाचा दाखला ठरतो, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल यातच आहे.

ही कल्पना जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सोन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८ व १९०९ साली सेंद्रिय प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार जलचर वनस्पती व प्राण्यांच्या याद्या मांडल्या. पुढे ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक प्राणिकुळाला १ ते १० गुण देण्यात आले : स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या कीटकांच्या प्रदूषणाला संवेदनशील कुळांना १०, गाळातील तांबड्या कायरोनोमस अळ्यांच्या कुळाला २, तर ट्युबिफेक्ससारख्या कृमींना १. या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अत्यल्प ऑक्सिजनमध्येही तग धरतात. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करून तिला कुळांच्या संख्येने भागले की येणारी सरासरी अधिक विश्वासार्ह असते, कारण नमुना लहान-मोठा झाला तरी ती फारशी ढळत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'लगेच नाही' असे आहे. तळ वाळूचा असेल, नुकताच पूर येऊन गेला असेल किंवा पिल्ले प्रौढ होऊन उडून गेली असतील, तरी स्वच्छ नदीतही हे किडे दिसणार नाहीत. त्यामुळे तसाच तळ आणि तसाच प्रवाह असलेल्या, प्रदूषणाच्या वरच्या बाजूच्या जागेशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. याच न्यायाने, ट्युबिफेक्स दिसले एवढ्यावरून नदीला दोष देणेही चूक आहे. ते स्वच्छ नदीच्या गाळातही थोडेफार असतात, आणि इतर सारे नाहीसे होऊन केवळ त्यांचेच थर साचले की चिंता करावी.

किडे नाहीसे झाले तरी नेमके कोणते द्रव्य कारणीभूत आहे हे त्यावरून कळत नाही. ते शोधण्यासाठी रासायनिक तपासणीच करावी लागते. पाणी पिण्यायोग्य आहे का, हेही या पद्धतीने ठरवू नये, कारण स्टोनफ्लाय नांदत असलेल्या पाण्यातही रोगजंतू असू शकतात आणि त्यांच्यासाठी जिवाणूंची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते.