न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या विज्ञानात, उन्हाळी इंटर्नशिप हवी? मग कूलर काढायची वाट पाहू नको

अरे, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे. पण नागपुरात संत्री उतरायला लागली की अर्जाला बस. मार्चमध्ये जाग आली तर बहुतेक दारं बंद झालेली असतात.

आधी एवढंच बघ:

- देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त समर फेलोशिप. दोन महिने, विद्यावेतनासह.
- मेंदूवरच काम करायचं तर मानेसरचं एनबीआरसी, म्हणजे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. मुंबईच्या टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मेंदूवर काम करणाऱ्या लॅब आहेत.
- एमबीबीएसवाल्या मैत्रिणीला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन शिष्यवृत्ती सांग, ती तुझ्यासाठी नाही.

आता ईमेल. 'रिस्पेक्टेड सर' लिहून पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नकोस. मी पाठवला होता, त्यात एका मॅडमना दुसऱ्याच लॅबचं नाव गेलं! उत्तर कशाला येतंय? पाचच लॅब निवड, प्रत्येकीचा एक पेपर वाच आणि त्यातला खरोखर पडलेला एक प्रश्न विचार.

न्यूरोसायन्स शिकलो नाही म्हणून घाबरू नको. फिजिक्सवालेही चालतात, थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आलं तर उत्तमच. शिफारसपत्रासाठी सरांना मात्र आजच भेट. शेवटच्या दिवशी ते हमखास लग्नाला गेलेले असतात.

एफएमआरआय, पॅच क्लॅम्प वगैरे मेंदू अभ्यासायच्या तंत्रांबद्दल नंतर बोलू.