शब्दशंका : जावयाची चेष्टा आणि तेहतीस अनारसे

प्रश्न : अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. रीतीप्रमाणे तेहतीस अनारशांचं वाण दिलं. जावईबापूंनी त्यातले पाच-सहा ताटावरच संपवले. मी म्हणालो, ''वाण घरी न्यायचं असतं, तुम्ही इथेच निकाल लावलात की!'' सगळे हसले, जावई सोडून. सावरून घ्यावं म्हणून मी म्हणालो, ''अहो, चेष्टा केली तुमची.'' त्यावर ते हात धुवायलाच उठले. सौ. म्हणते, ''विनोद केला म्हणाला असतात तर निभावलं असतं.'' एका शब्दाने एवढा फरक पडतो का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पत्र वाचताना आधी हसू आलं, मग तुमच्या जावयाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. फरक पडतो. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच.

एक साधी गोष्ट करून पाहा. ''मी विनोद केला'' एवढंच म्हणा. वाक्य पुरं झालं, कोणी पुढे काही विचारणार नाही. आता म्हणा, ''मी चेष्टा केली.'' ऐकणारा लगेच विचारणार, ''कुणाची?'' थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, टवाळी या सगळ्यांना 'ची' लागते. कोणीतरी त्या 'ची'च्या आधी बसावंच लागतं. विनोद मात्र कशावर तरी असतो; पावसावर, लोकलवर, स्वतःच्या टकलावर. त्याचं कोणावाचून अडत नाही. तुम्ही तर 'तुमची' म्हणून जावईबापूंना त्या जागी हाताला धरून बसवलंत.

त्यातही 'चेष्टा'. हा शब्द मूळचा अगदी निरुपद्रवी. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, खटपट. बंगालीत आणि ठेवणीतल्या हिंदीत तो अजून 'प्रयत्न' याच अर्थाने नांदतो. आमच्या ह्यांची बदली कोलकात्याला झाली होती तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघरातला नळ चार दिवस गळत होता. प्लंबरला विचारलं, आज होईल ना दुरुस्त? तो हसून म्हणाला, ''चेष्टा कोरबो.'' मी इतकी संतापले की ह्यांना ऑफिसात फोन केला. बिचारा 'प्रयत्न करतो' म्हणत होता. मराठीत मात्र या शब्दाला नख फुटलं. हातवारे, वेडावणं, मग दुसऱ्याला हसणं असा तो सरकत आला असावा, असा माझा कयास. पुढे त्याला 'कु' लावून आपण कुचेष्टाही केली.

थट्टा त्या मानाने मऊ. ती बहुधा तोंडावर करतात आणि करणाऱ्याइतकाच झेलणाराही तिच्यात सामील असतो. मस्करी आली अरबी 'मसखरा'वरून, म्हणजे विदूषकावरून. तिच्यात हात चालतात, कोणाची चप्पल लपवली जाते. म्हणूनच मस्करीची कुस्करी होते. थट्टेची कुस्करी झालेली मी ऐकली नाही. टिंगल माणसाच्या पाठीमागेही चालते. आणि खिल्ली आली की ती 'उडवायची'च असते. क्रियापदं पाहिलीत तर शब्दांचे स्वभाव कळतात : विनोद करतात, फिरकी घेतात, टोमणा मारतात, टर उडवतात. जोकही 'मारतात' खरा, पण त्याने कोणाला लागत नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता वहिनींच्या म्हणण्याच्या उरलेल्या अर्ध्याकडे. ''विनोद केला'' म्हणाला असतात तरी आधी जे केलंत ती चेष्टाच होती. आपल्याकडे थट्टेची नाती ठरलेली असतात. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातवंडं. रुखवताच्या गाण्यांत विहिणीची यथेच्छ थट्टा होते आणि तिने रुसायचं नसतं. सासरा-जावई या यादीत नाहीत. तेच वाक्य तुमच्या धाकट्या लेकीने म्हटलं असतं, तर जावईबापूंनी सातवा अनारसा उचलला असता.

शिवाय तुम्हीच लिहिलंय, ''सगळे हसले.'' हसू आणि हसं यांत उकार आणि अनुस्वार एवढंच अंतर. 'मला हसू आलं' आणि 'माझं हसं झालं'. एकाच ताटाभोवती तुम्हा सगळ्यांना हसू आलं आणि त्यांचं हसं झालं. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, शेवटचे दोन अधमांचे. उपहसित मधल्यांचं : नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, मान आणि खांदे आखडलेले. आणि अपहसित म्हणजे भलत्या जागी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे गदागदा हलवत हसणं. पंक्तीत त्या दिवशी कोण कसं हसत होतं, ते वहिनींना नीट आठवत असेल. त्यांना विचारा.

आणि उरलेले अनारसे लेकीकडे पोचवा. सोबत चिठ्ठी नको. तुमच्या हातून पुन्हा काहीतरी लिहिलं जाईल.

प्रश्न : 'ह्यूमर'ला मराठीत विनोद म्हणावं की हास्य? – एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : विनोद. हास्य हा परिणाम, विनोद हे त्याचं एक कारण. 'हास्य रस' म्हणतो तेव्हा तो प्रेक्षकाला मिळणारा अनुभव असतो. गुदगुल्यांनीही हसू येतं, पण गुदगुल्या म्हणजे विनोद नव्हे.

गंमत अशी की विनोद आणि ह्यूमर या दोन्ही शब्दांचा जन्म हसण्यापासून फार दूर झाला. विनोद हा 'वि' आणि 'नुद्' यांतून आला : दूर सारणं, घालवणं. वेळ किंवा दुःख घालवायचं साधन, मग त्यात हसू असो वा नसो. 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' हे सुभाषित तुम्ही शाळेत घोकलं असेल. त्यातले शहाणे एकमेकांना चुटके सांगत नाहीत. मेघदूतात यक्षाची बायको उंबऱ्यावर फुलं मांडून विरहाचे उरलेले महिने मोजते आणि कालिदास त्याला स्त्रियांचे विरहातले 'विनोद' म्हणतो. केव्हाही वाचलं तरी घशात आवंढा येतो. तिथून 'टवाळा आवडे विनोद' म्हणणाऱ्या दासबोधापर्यंत शब्दाने बरीच मजल मारली. (ती ओवी विनोदी लेखकांच्या डोक्यात घालायला वापरतात, पण तिथे समर्थ ज्याच्या त्याच्या प्रकृतीला काय गोड वाटतं याची यादी देत आहेत, हे कोणी सांगत नाही.)

'ह्यूमर' लॅटिनमधला. अर्थ ओलावा, द्रव. जुने युरोपी वैद्य शरीरात रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त असे चार द्रव मानत; त्यांच्या प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरे. आपल्या वात-पित्त-कफाची आठवण होतेच. मग ह्यूमर म्हणजे स्वभाव, मग तऱ्हेवाईक स्वभाव, आणि अखेर त्याला पाहून येणारं हसू. मोतीबिंदूच्या वेळी माझ्या डॉक्टरीणबाई डोळ्याचं चित्र दाखवत ''हे ॲक्विअस ह्यूमर'' म्हणाल्या तेव्हा कळलं की मूळचा ओलावा निदान डोळ्यात तरी शिल्लक आहे.

'सेन्स ऑफ ह्यूमर'साठी 'विनोदबुद्धी' आहे, तो खुशाल वापरा.

प्रश्न : विडंबन आणि विटंबना एकच का?

उत्तर : मूळ एकच, संसार वेगळे. संस्कृतात 'विडंबन' म्हणजे नक्कल आणि हसं करणंही. मराठीने वाटणी केली : नक्कल विडंबनाकडे, अप्रतिष्ठा विटंबनेकडे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढली, तेव्हा नकलेलाच वाङ्मयात मानाची खुर्ची मिळाली. ज्यांच्या कवितांची नक्कल झाली त्यांना हा फरक कितपत पटला असेल, कोण जाणे.

प्रश्न : 'हास्यास्पद' आणि 'हास्यकारक' यांत गल्लत का होते?

उत्तर : कारण व्याकरण फसवतं. 'आस्पद' म्हणजे जागा, स्थान. आदरास्पद चांगलं, तर हास्यास्पद वाईट का? का ते भाषेला विचारायचं; पण हास्यकारक म्हणजे हसवणारं आणि हास्यास्पद म्हणजे ज्याची कीव करत हसावं असं.

मी मुद्रितशोधक म्हणून नवीन लागले होते तेव्हा माझ्या हाताखालून एका नाटकाची जाहिरात गेली : 'सहकुटुंब पाहावे असे हास्यास्पद नाटक'. दोनदा वाचली आणि दोनदाही मला त्यात काही खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी नाटकाचे व्यवस्थापक छापखान्यात आले. मी रडायच्या बेतात. त्यांनी कात्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ''बाई, प्रयोग पाहून लिहिलंत, की न पाहताच?''