बोगद्यातला जिऑलॉजिस्ट आणि २८ लाखांचा एमबीए

प्रश्न कळव्याहून आलाय. वय ३४, एम.एस्सी. जिऑलॉजी, बोगद्यांच्या साइटवर इंजिनिअरिंग जिऑलॉजिस्ट म्हणून नऊ वर्षं झाली. हातात ७८ हजार येतात, मिसेस शाळेत शिकवतात त्यांचे ३२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार, मुलगी साडेचार वर्षांची. एफडीत ९ लाख, म्युच्युअल फंडात साडेसहा. साइटचा कंटाळा आलाय, फायनान्समध्ये जायचंय, एक वर्षाचा फुलटाइम एमबीए मिळतोय, फी २८ लाख, पूर्ण रकमेचं लोन मंजूर होतंय. घेऊ का, की नोकरी सांभाळून सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातला परीक्षांचा कोर्स) करू?

आधी सरळ सांगतो, हे लोन घेऊ नका, निदान या वर्षी तरी नको. नुसतं नको म्हणायला तुमचे सासरे आहेतच (तुम्हीच लिहिलंय), म्हणून हिशोब मांडतो.

कॉलेजचे बारा महिने आणि नंतर नोकरी मिळेपर्यंत चार धरा, म्हणजे सोळा महिने तुमचा पगार नाही. मिसेसच्या ३२ हजारातून घराचा हप्ता गेला की घरात हजार रुपये उरतात. हजार. त्यात महिन्याचं दूधसुद्धा भागत नाही हो. तुमचा घरखर्च महिन्याला ४४-४५ हजार लिहिलाय, म्हणजे सोळा महिन्यांत सात लाख एफडीतून जाणार आणि नऊचे दोन राहणार. बुडालेला पगार साडेबारा लाख, फी २८ लाख, व्याज सोडूनच चाळीसच्या वर गेलो आपण. बँकवाले म्हणतात कोर्स चालू असताना हप्ता नाही, ते खरंय, पण व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढत राहतं. साडेदहा टक्के धरले तर दीड वर्षात २८ चे ३२ लाखांच्या वर होतात आणि दहा वर्षांसाठी हप्ता बसतो ४३ हजार. आता गंमत बघा, आज आहात तिथेच राहायला तुम्हाला हातात १ लाख २१ हजार यायला हवेत, म्हणजे साधारण १८ लाखांचं पॅकेज, आणि ते फक्त बरोबरीत यायला. शैक्षणिक लोनवर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते असं कोणीतरी सांगितलंय तुम्हाला, ती मिळते, पण फक्त व्याजावर, आठ वर्षं आणि जुन्या टॅक्स रिजीममध्येच. नव्यात असाल तर विसरा.

पण माझं मन जास्त खट्टू झालं ते दुसऱ्याच वाक्याने. तुम्ही लिहिलंय, "जिऑलॉजीचा फायनान्सशी काही संबंध नाही, शून्यापासून सुरुवात करायची तयारी आहे." अहो शून्यापासून कशाला? तुम्ही कोअर बॉक्ससमोर (ड्रिल करून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या पेटीसमोर) उकिडवे बसून दहा सेंटीमीटर आणि त्याहून लांब तुकडे मोजता, त्यांची बेरीज करून रनच्या, म्हणजे एका वेळी ड्रिल केलेल्या, लांबीने भागता आणि आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा टक्का, ४० की ७५ ते लिहिता, तेव्हा खरं म्हणजे तुम्ही पैशांचाच आकडा लिहिता. तो आकडा घसरला की सपोर्ट बदलतो, रॉक बोल्ट वाढतात, शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) जाड होतं, काम हळू होतं, कॉन्ट्रॅक्टर जादा पैशांचा क्लेम टाकतो आणि ज्या बँकेने कर्ज दिलंय तिचं वेळापत्रक कोलमडतं. हिमाचलातल्या पार्बती-२ या जलविद्युत प्रकल्पाचं तुम्हाला मी सांगायला नको, ३१ किलोमीटरच्या वर बोगदा, टीबीएमवर (बोगदा खोदणाऱ्या मशीनवर) पाणी आणि गाळ आला, मशीन अडकलं आणि प्रोजेक्ट पूर्ण व्हायला २०२५ उजाडलं. कर्ज देणाऱ्यांच्या बाजूला बसून आधीच "इथे शिअर झोन (चिरडलेल्या, कमकुवत खडकाचा पट्टा) आहे, एवढे महिने जास्त धरा" म्हणणारा माणूस लागतो, आणि एमबीए झालेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला ते येत नाही.

मायनिंगवाल्यांना हा धडा महागात पडला. कॅनडाची ब्रे-एक्स कंपनी, इंडोनेशियात बुसांगला सोनं सापडलं म्हणाली, कंपनीची किंमत अब्जावधी डॉलर झाली, मोठमोठे अ‍ॅनालिस्ट 'घ्या घ्या' म्हणत होते. आणि हे लोक कोअर अर्धा कापून जपून ठेवायचा सोडून जवळजवळ सगळा चुरा करून लॅबला पाठवत होते! हे ऐकल्यावर तुमच्यासारख्याच्या भुवया तिथेच वर गेल्या असत्या. १९९७ ला सगळं फुटलं, नमुन्यांत सोनं मिसळलेलं निघालं, आणि २००१ पासून कॅनडात नियमच आला की शेअर बाजारातल्या खाण कंपनीच्या रिपोर्टमागे पात्र तज्ज्ञ माणूस हवा. म्हणून टोरांटो, पर्थ, लंडनला फंडांमध्ये आणि बँकांमध्ये जिऑलॉजिस्ट बसलेले दिसतात. आपल्याकडे २०१५ नंतर खाणींचे लिलाव सुरू झाले, २०२५ ला क्रिटिकल मिनरल्सचं मिशन आलं, तरी मुंबईत अशा खुर्च्या मोजक्याच. त्यात तुमचा अनुभव बोगद्यांचा, धातूंचा नाही. त्यामुळे यूट्यूबवर 'मायनिंग अ‍ॅनालिस्टचा पगार' बघून उडी मारू नका.

तुम्हाला जवळचे दरवाजे वेगळे आहेत. एक, इन्फ्राला कर्ज देणाऱ्यांकडे जे इंडिपेंडंट इंजिनिअर असतात, एलआयई म्हणतात त्यांना, त्या फर्म. काम किती झालं ते यांनी तपासून दिल्यावर बँका पैसे सोडतात, आणि रिझर्व्ह बँकेचे प्रोजेक्ट फायनान्सचे नवे नियम ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्यावर ही तपासणी आणखी महत्त्वाची झालीये. तिथून पुढे बँकेच्या प्रोजेक्ट अप्रेझल टीममध्ये जायला वाट आहे, २०२१ ला आलेली नॅबफिड, म्हणजे इन्फ्राला कर्ज देणारी सरकारी संस्था, तर मुंबईतच आहे. दुसरा दरवाजा इन्शुरन्सचा, बोगद्यांच्या पॉलिसीसाठी रिस्क इंजिनिअर लागतात. तिसरा क्लेम आणि आर्बिट्रेशनचा (लवादाचा). हा मला तुमच्यासाठी सगळ्यात आवडतो कारण तुमच्या फेस मॅपिंगच्या (खोदताना समोर दिसलेल्या खडकाच्या नोंदींच्या) वह्या म्हणजे तिथला पुरावा, आणि त्या कशा वाचायच्या हे वकिलांना कोणीतरी सांगावं लागतं. ठाण्यालाच बघा, बोरिवलीचा जुळा बोगदा, बुलेट ट्रेनचा खाडीखालचा सात किलोमीटरचा तुकडा, एवढं काम दारात चाललंय.

सीएफएबद्दल. वाईट नाही, पण तुमच्या डोक्यात आहे तेवढं जादूचंही नाही. तीन लेव्हल, प्रत्येकीला साधारण ३०० तास अभ्यास धरतात, फी एका लेव्हलला हजार डॉलरच्या वर, आणि पहिल्याच लेव्हलला निम्म्याहून जास्त लोक आपटतात. तिन्ही पास झालात तरी चार्टर लगेच मिळत नाही, गुंतवणुकीच्या निर्णयांशी संबंधित ४,००० तासांचा अनुभव लागतो, आणि शॉटक्रीटचा अनुभव त्यात धरतील असं वाटत नाही.

म्हणून त्याच्याही आधी एक स्वस्त टेस्ट करा. एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची रिसर्च अ‍ॅनालिस्टची परीक्षा आहे, सिरीज १५, दीड हजाराच्या आसपास फी. त्यांचा कॅम्पस पनवेलच्या पुढे पाताळगंगाला आहे पण परीक्षेला तिथे जावं लागत नाही. तीन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर बॅलन्स शीट घेऊन बसा. एखाद्या टनेल कॉन्ट्रॅक्टर कंपनीचाच वार्षिक अहवाल घ्या आणि त्यात अडकलेले क्लेम कुठे दाखवलेत ते शोधा. मजा आली तर सीएफए लेव्हल १ ला बसा, पैसे एफडीतून द्या, लोन नको. नाही आली तर दीड हजारात सुटलात. माझ्याकडे एक क्लायंट होते, त्यांना कोर्सचं अर्धं वर्ष गेल्यावर कळलं की कंटाळा कामाचा नव्हता, साइटवरच्या मॅनेजरचा होता. हप्ते अजून भरतायत.

तोपर्यंत एफडीतले साडेचार लाख वेगळे काढा, हा सहा महिन्यांचा खर्च आणि घराचा हप्ता, मिसेसचा पगार न धरता, याला हात लावायचा नाही. मेडिक्लेम फक्त कंपनीचा आहे म्हणालात, तो राजीनाम्याबरोबर जातो, तेव्हा तिघांचा स्वतःचा आत्ताच घ्या कारण वेटिंग पिरियड नोकरी असतानाच सरलेला बरा. एसआयपी चालू ठेवा. आणि होम लोनचं स्टेटमेंट काढून बघा, २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने खाली आला तरी तुमचा हप्ता ३१ हजारच कसा? एकतर बँकेने मुदत कमी केलीये किंवा तुमचा रेट जुन्याच बेंचमार्कवर पडून आहे. दुसरं असेल तर ब्रँचला अर्ज द्या, थोडी कन्व्हर्जन फी घेतील, आणि मला नवा रेट कळवा, मग लेव्हल १ ची फी त्यातूनच निघते का ते बघू.