आमदारावर गुन्हा दाखल झाला की आमदारकी जाते का?

नाही. एफआयआर, अटक, आरोपपत्र, अगदी तुरुंगवास, यांतल्या कशानेही आमदारकी आपोआप जात नाही. मोहोळचे रमेश कदम अण्णाभाऊ साठे महामंडळातल्या कथित घोटाळ्याच्या प्रकरणात 2015 मध्ये अटक झाले, तरी 2019 पर्यंत आमदारच होते. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे तत्त्व मला मान्य आहे. पण आमदार तुरुंगात आणि खटला वर्षानुवर्षं रेंगाळला की मतदारसंघाला विधानसभेत आवाजच उरत नाही, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आमदारकी जाते ती दोषी ठरल्यावर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 नुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता लागू होते, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. भ्रष्टाचारासारख्या काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी पुरतं. पूर्वी अपील केलं की पद वाचायचं. 2013 मध्ये लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली.

बातम्या वाचताना एक गोष्ट नक्की बघा: स्थगिती नेमकी कशाला मिळाली? शिक्षेला स्थगिती म्हणजे फक्त तुरुंगातून बाहेर. पद वाचायला दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालालाच, वरच्या न्यायालयाची स्थगिती लागते. सावनेरचे सुनील केदार यांना नागपूर जिल्हा बँक घोटाळा प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच आमदारकी गेली. पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धी कायम राहिल्याने 2024 ची विधानसभा त्यांना लढवता आली नाही.