नौपाड्याच्या ट्रंकेतल्या पोथ्या: कृपा करून बाइंडरकडे नेऊ नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, महिन्याभरात माळा रिकामा करायचाय, आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत लाल रुमालात बांधलेल्या ‘हस्तलिखित’ पोथ्या निघाल्यात. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायच्यात आणि तिथून उत्तर आलंय, ‘जरा नीट बांधून आणा.’ या एका वाक्यासाठी लिहायला बसलोय. बांधू नका.

2011 साली मला हेच सांगितलं गेलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या पणजोबांची पोथी हातातही घेतली नाही. “सुटी पानं घेत नाही, बाइंडिंग करून आणा.” मीही मुकाट्याने ठाणे स्टेशनजवळ थिसिस बांधून देणाऱ्याकडे गेलो. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, दोन दिवसांत तयार.

पोथीचं पान आपण पुस्तकासारखं बाजूला उलटत नाही, खालून वर उलटतो. म्हणजे डावीकडे शिवलं की प्रत्येक मागचं पान उलटं येतं. माझ्या पोथीत आज एक पान सुलटं, एक डोक्यावर उभं! वाचायची तर दर पानाला पुस्तक फिरवत बसा.

पण खरं नुकसान ते नाही. पणजोबांनी पानांच्या कडेला मोडीत घरातले जन्म, मृत्यू, कुठल्या साली पाऊस किती लांबला, असं बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. बाइंडरने पानं सारखी दिसावीत म्हणून कटरवर तिन्ही बाजू कापल्या. त्याचा दोष नाही, त्याला थिसिसच ठाऊक. दुसऱ्या दिवशी धावत गेलो, कातरणाच्या गोणीत हात घालून काडीएवढ्या रुंदीच्या पट्ट्या वेचल्या. निम्म्या मिळाल्या, बाकी केर आदल्या रात्रीच गेला होता. एका पानावर ‘शके 18’ एवढंच उरलंय, पुढचे दोन आकडे केरात. पणजोबांच्या धाकट्या बहिणीचा जन्म कोणत्या सालचा, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

आणि ते बाइंडिंग घेऊन गेलो तर या वेळी वरच्या मजल्यावर, दुर्मिळ ग्रंथ विभागात पाठवलं. तिथल्या बाई हळहळल्या. “मूळ रूप गेलं हो, आधी का नाही आलात?” आधी आलो होतो, बाई. तुमच्याच इमारतीत, एक जिना खाली. असो, आत्ताही लिहिताना रक्तदाब वाढतोय.

तर, देवघेवीच्या काउंटरवर काही विचारू नका, थेट दुर्मिळ विभाग गाठा. तिथे नुसतं ‘जुनं’ असून भागत नाही. एकाच छापाच्या वीस प्रती असतील तर त्यांना ती हवी जिच्यावर कोणाचं हस्ताक्षर आहे, शिक्का आहे, पोथीच्या वर-खाली लावलेल्या मूळ लाकडी पाट्या आहेत. आपण ‘घाण’ म्हणून पुसतो तेच त्यांना हवं असतं.

दुसरं, ती हस्तलिखितं नसतीलही. शिळाछाप असावीत असा माझा अंदाज, फोटो नसल्याने चूक असू शकेल. शिळाछापात मजकूर हातानेच लिहून दगडावरून छापत, म्हणून अक्षर हुबेहूब हाताचं वाटतं. शेवटचं पान बघा, बहुतेक वेळा छापखान्याचं नाव आणि शक असतो. शकात 78 मिळवा, इसवी सन आलं. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत असंच पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी पोथीला हात लावीनात, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात. खरोखरची हस्तलिखितं निघाली आणि 75 वर्षांहून जुनी असली, तर तुमचे ते अमेरिकेतले दीर म्हणतात तसं बाहेर पाठवू नका. 1972 चा पुरावशेषांचा कायदा आड येतो. मी वकील नाही, विचारून घ्या.

सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. ठाण्याच्या दमट हवेला घाबरून उन्हातही घालू नका, कागद कडक होऊन तुटतो. रुमाल सोडा, मऊ ब्रशने कसर झटका, परत बांधा. वेखंडाची पुरचुंडी ठेवली तरी चालेल, आमच्या घरात पूर्वीपासून ठेवतात. देण्याआधी कोऱ्या पानांसकट सगळ्याचे खिडकीपाशी, फ्लॅश न लावता फोटो काढा. यादी दोन प्रतींत करून एकीवर सही-शिक्का घ्या. ‘पुढे निर्लेखित केल्यास (म्हणजे संग्रहातून काढून टाकल्यास) कुटुंबाला परत कळवावे’ ही ओळ घालाच.

माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडून द्या: विद्यापीठाचा हट्ट कशाला? आपल्याच ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, वि. ल. भाव्यांसारख्या जुन्या काव्यांच्या वेड्याने उभं केलेलं. आधी तिथे जाऊन बोला. घेतील की नाही हे मी सांगू शकत नाही, पण पोथी म्हणजे काय हे समजावत बसावं लागणार नाही.

शेवटच्या पानाचा फोटो इथे टाका. मोडी असेल तर कडेचा मजकूरही टाका, मला जमेल तेवढं वाचून देतो.